बडीशेपेच्या वाटीतले बलुते

मराठीत देण्याला जितके शब्द आहेत, तितके घेण्याला नाहीत. दान, दक्षिणा, ओवाळणी, इनाम, बक्षिशी, खुशाली, दिवाळीची पोस्त, दस्तुरी, चिरीमिरी, चहापाणी. ही यादी अजून लांबवता येईल. यातला प्रत्येक शब्द देणाऱ्याची आणि घेणाऱ्याची जागा ठरवून मोकळा होतो. दक्षिणा खालून वर जाते. देणारा वाकतो आणि घेणारा आशीर्वाद देतो. ओवाळणी घरातल्या घरात फिरते. बक्षिशी मात्र वरून खाली येते. ज्या फारसी क्रियापदातून हा शब्द आपल्याकडे आला, त्यात देण्याबरोबरच माफ करण्याचाही अर्थ आहे, हे आम्हांला सूचक वाटते. घेणाऱ्याकडून जणू काही गुन्हा घडला आहे आणि देणारा तो पोटात घालतो आहे.

अलीकडे या सर्व शब्दांच्या जागी 'टिप' हा एकच शब्द आला. तो आखूड आहे, परका आहे आणि म्हणून निर्दोष वाटतो. 'बक्षिशी दिली' म्हणताना सुशिक्षित माणसाची जीभ थोडी अडखळते. 'टिप ठेवली' म्हणताना अडखळत नाही. शब्द बदलला की व्यवहार बदलतो, असा गैरसमज भाषेच्या अभ्यासकांनी तरी करून घेऊ नये. प्रस्तुत लेखात आम्हांला या निर्दोष शब्दाखाली काय दडले आहे ते पाहायचे आहे. विषय किरकोळ आहे, असे कुणी म्हणेल. पाच-दहा रुपयांचा प्रश्न किरकोळ आहे की नाही, हे ते रुपये कुणाच्या खिशात नाहीत यावर ठरते.

दोन पक्ष

महाविद्यालयांच्या स्टाफरूममध्ये या विषयावर दोन पक्ष असतात. पहिला पक्ष उदारांचा. हा पक्ष वाटीत नोट ठेवतो, ती ठेवताना शेजारच्याला दिसेल अशी ठेवतो, आणि वेटरने सलाम केला नाही तर पुढच्या खेपेस ठेवत नाही. त्याच्या लेखी टिप हे एक प्रकारचे परीक्षण आहे. पाणी वेळेवर आले का, पोळी गरम होती का, मुलगा हसतमुख होता का, या प्रश्नांना गुण देऊन बेरीज वाटीत टाकायची.

दुसरा पक्ष निषेधवाद्यांचा. तो अधिक वाचलेला असतो. टिप ही सरंजामी प्रथा आहे, ती माणसाला लाचार करते, पगार देणे हे मालकाचे काम आहे, ते आपण का अंगावर घ्यावे, अशी त्याची मांडणी असते. मांडणी निर्दोष आहे. मात्र या मांडणीचा शेवट नेहमी एकाच ठिकाणी होतो: सुटे पैसे उचलून खिशात घालण्यापाशी. व्यवस्थेविरुद्धचा असा लढा आम्हांला ठाऊक नाही ज्यात लढणाऱ्याचा दर खेपेस दहा रुपयांचा फायदा होतो आणि ज्याच्यासाठी लढायचे त्याचा दहा रुपयांचा तोटा होतो. निषेधवादी मित्राने आजवर एकाही मालकाला 'तुम्ही या मुलाला महिना काय देता?' असे विचारल्याचे आमच्या ऐकिवात नाही. मागणीवाचूनच्या बहिष्काराला मराठीत काटकसर म्हणतात.

हे दोन्ही पक्ष एकमेकांचे विरोधक दिसले, तरी त्यांचा पाया एकच आहे. वाटीतला पैसा आपला आहे आणि तो द्यायचा की नाही हे आपल्या मर्जीवर आहे, हे दोघांनाही मान्य आहे. आमचा आक्षेप नेमका याला आहे.

बलुते आणि भाकरी

साहित्याच्या विद्यार्थ्याला या व्यवहाराचे पूर्वरूप शोधायला दूर जावे लागत नाही. दया पवारांचे 'बलुतं' १९७८ साली आले. आपण ते दलित आत्मकथनाचा आरंभबिंदू म्हणून शिकवतो. परीक्षेत त्यावर प्रश्न घालतो. पण त्या शीर्षकाचा अर्थशास्त्रीय अर्थ वर्गात क्वचितच सांगितला जातो. बलुते म्हणजे मोजमाप न केलेल्या कामाचा मोजमाप न केलेला मोबदला. काम वर्षभर, हाक येईल तेव्हा. मोबदला सुगीला, खळ्यावर, देणाऱ्याच्या हाताला येईल तेवढा. पीक बुडाले तर बलुतेही बुडाले. पाटलाची मर्जी गेली तर पेंढी हलकी झाली.

डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी मार्च १९२८ मध्ये मुंबई विधिमंडळात वतन कायद्यात दुरुस्ती करणारे विधेयक मांडले. त्यातली एक प्रमुख सूचना अशी की, गावाने धान्यरूपाने द्यायचे बलुते रोख पैशात बदलावे आणि ते सरकारमार्फत वसूल होऊन वतनदार महारांना मिळावे. त्यामागची दृष्टी आजही समजून घेण्याजोगी आहे. प्रश्न केवळ मोबदला कमी असण्याचा नव्हता. तो कुणाच्या हातून येतो हाही होता. ज्याच्या दारात रोज उभे राहायचे त्याच्याच मर्जीवर पोट असेल, तर माणूस त्याच्यापुढे ताठ उभा राहू शकत नाही. आमचा बीड जिल्हा तेव्हा निजामाच्या राज्यात होता; मुंबईच्या विधिमंडळातले विधेयक येथे लागू होण्याचा प्रश्न नव्हता. रीत मात्र इकडेही तीच होती.

कुणी म्हणेल, हॉटेलातल्या टिपेची तुलना बलुत्याशी करणे म्हणजे अतिशयोक्ती. जातीने लादलेले काम आणि पगारी नोकरी यांत अंतर आहे, हे आम्हांला मान्य आहे. वेटर नोकरी सोडून जाऊ शकतो. वतनदार महाराला गाव सोडणे तितके सोपे नव्हते. पण एका बाबतीत टिप बलुत्याहूनही दुबळी आहे. बलुते हा निदान 'हक' होता. तो नाकारला तर तक्रार करता येत होती. त्यावरून भांडणे झाली, दावेही झाले. टिपेवर असा हक नाही. तिचे खरे नाते येसकराच्या भाकरीशी आहे. संध्याकाळी दारोदार फिरून मिळालेली ती भाकरी गावाच्या लेखी 'दिलेली' होती. येसकराच्या लेखी ती दिवसभराच्या कामाची मजुरी होती. एकच भाकरी, पण देणारा तिला दया म्हणतो आणि घेणारा मजुरी म्हणतो. या दोन शब्दांमधले अंतर हाच सगळा वाद आहे.

कायदा काय म्हणतो

हक नाही, हे आमचे मत नव्हे. सर्वोच्च न्यायालयाने ते म्हटलेले आहे. एका मोठ्या हॉटेल कंपनीच्या प्रकरणात २०१६ साली न्यायालयापुढे प्रश्न होता तो प्राप्तिकराचा. ग्राहक कार्डाने पैसे देताना टिपेची रक्कमही भरतात, हॉटेल ती नंतर कर्मचाऱ्यांत वाटते. मग ती पगार समजून मालकाने तिच्यातून कर कापावा काय? न्यायालयाने 'नाही' म्हटले. कारण टिप मालक देत नाही, ग्राहक आपखुशीने देतो, आणि मालकाकडून ती मागण्याचा कोणताही निहित हक्क कर्मचाऱ्याला नसतो. करविषयक कायद्याच्या दृष्टीने हा निकाल रास्तच असेल. पण तो नीट वाचला की वेटरची जागा लख्ख दिसते. त्याच्या मिळकतीचा एक भाग असा आहे जो पगार नाही, म्हणून तो मालकाकडे मागता येत नाही. आणि किंमत नाही, म्हणून तो ग्राहकाकडेही मागता येत नाही.

पुढचा अध्याय सेवाशुल्काचा. केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाने ४ जुलै २०२२ रोजी मार्गदर्शक तत्त्वे काढून हॉटेलांनी बिलात आपोआप सेवाशुल्क लावू नये असे सांगितले. हॉटेलमालकांच्या संघटना दिल्ली उच्च न्यायालयात गेल्या; त्याच महिन्यात स्थगिती मिळाली; आणि २८ मार्च २०२५ रोजी न्यायालयाने मार्गदर्शक तत्त्वे वैध ठरवली. सेवाशुल्क सक्तीचे नाही, हे ग्राहकाच्या बाजूने योग्यच झाले. परंतु जवळजवळ तीन वर्षे चाललेल्या या वादात पक्षकार कोण होते, ते पाहावे. एका बाजूला मालकांच्या संघटना, दुसऱ्या बाजूला ग्राहकांच्या वतीने सरकारी प्राधिकरण. ज्याच्या 'सेवे'चे हे 'शुल्क', तो या नाट्यात पात्र म्हणून नव्हता. तो केवळ विषय होता. मालक त्याच्या नावाने पैसे मागत होते आणि ग्राहक त्याच्या नावाने ते नाकारत होते.

महाराष्ट्रात हॉटेले व खानावळी या किमान वेतन कायद्याच्या कक्षेत फार पूर्वीपासून आहेत. तो १९४८ चा कायदा २०१९ च्या वेतन संहितेत सामावला गेला आणि ती संहिता २१ नोव्हेंबर २०२५ पासून लागू झाली. चौदा वर्षांखालील मुलांना ढाब्यांवर, चहाच्या टपऱ्यांवर कामाला ठेवण्यास १० ऑक्टोबर २००६ पासून बंदी आहे. तेव्हा कायदा नाही, असे म्हणण्याची सोय नाही. महामार्गावर रात्री अकरा वाजता टेबल पुसणाऱ्या मुलाचे वय डोळ्यांनी मोजावे आणि कायद्याची तारीख आठवावी, इतकेच.

जॉर्ज आणि छोटू

टिप ही 'प्रगत' देशांची रीत आहे, असे उदार पक्ष अभिमानाने सांगतो. त्या रीतीचा इतिहास त्याने वाचलेला नसतो. अमेरिकेत यादवी युद्धानंतर गुलामगिरी कायद्याने संपली; पण मुक्त झालेल्या काळ्या माणसांना ज्या नोकऱ्या खुल्या झाल्या, त्यांतल्या अनेकांत पगार नाममात्र आणि भिस्त टिपेवर होती. पुलमन कंपनीच्या शयनयानांवरचे हमाल हे त्याचे प्रसिद्ध उदाहरण. प्रवासी त्या प्रत्येकाला 'जॉर्ज' म्हणत. कंपनीच्या मालकाचे नाव जॉर्ज पुलमन होते, म्हणून. त्या हमालांनी १९२५ साली ए. फिलिप रँडॉल्फ यांच्या नेतृत्वाखाली संघटना बांधली आणि १९३७ साली कंपनीला करार करायला लावला. त्यांनी अधिक टिप मागितली नाही. पगार आणि कामाचे मर्यादित तास मागितले. आपल्या खऱ्या नावाने हाक मारली जावी, हीही त्यांची मागणी होती.

उलट त्याच देशाने १९६६ साली टिपेला कायद्यात स्थान देऊन मालकाची सोय केली. तेथे केंद्रीय किमान वेतन २००९ पासून ताशी सव्वासात डॉलर आहे. पण टिप मिळवणाऱ्या कामगाराला मालकाने स्वतः द्यायची किमान रक्कम ताशी २ डॉलर १३ सेंट इतकीच आहे, आणि ती १९९१ पासून बदललेली नाही. उरलेले ग्राहकाने भरावे, आणि ते कमी पडले तरच मालकाने. काही राज्यांनी ही तफावत रद्द केली, हे खरे. पण जेथे ती टिकली, तेथे ग्राहकाची मर्जी हाच पगाराचा मोठा हिस्सा झाला.

आता आपल्याकडे पाहा. आपल्याकडच्या 'जॉर्ज'चे नाव 'छोटू' आहे; कधी 'बारक्या', कधी 'पोऱ्या', तर कधी नुसतेच 'ए'. चाळिशीचा माणूसही आपल्या हॉटेलांत 'छोटू' असतो. ज्याला नाव नाही त्याला पगारही विचारावा लागत नाही. नारायण सुर्वे यांनी मुंबईत ज्या पडेल त्या कामांवर दिवस काढले, त्यांत हॉटेलातले कामही होते. १९६६ साली आलेल्या 'माझे विद्यापीठ'मधली शहराची रस्त्यावरची शाळा आपण वर्गात रंगवून सांगतो. मग त्याच विद्यापीठातला आजचा विद्यार्थी आपल्यासमोर पाण्याचा ग्लास ठेवतो, तेव्हा आपण त्याला 'ए' म्हणून हाक मारतो.

आमच्या भागातले

लिंबागणेश हे भालचंद्र गणपतीचे गाव. चतुर्थीला येथे गर्दी होते, एरवी स्टँडवरची दोन-चार हॉटेले आपल्या संथ गतीने चालतात. जवळच मांजरसुंब्याला सोलापूर–धुळे महामार्ग लागतो, आणि तेथपासून ढाब्यांची रांग सुरू होते. या दोन जगांतला फरक टिपेच्या प्रश्नावर बोलके भाष्य करतो. गावातल्या हॉटेलात चहा देणारा बहुधा मालक किंवा त्याचा पुतण्या असतो. तेथे टिप ठेवली तर तो ती परत आणून देईल. 'सर, पैसे राहिले' म्हणेल. तेथे ती ठेवू नये. तेथला धर्म वेगळा आहे: उधारी वेळेवर चुकती करावी. पगारदार माणसाने हॉटेलच्या वहीत महिनोन्‌महिने नाव ठेवणे म्हणजे गरिबाकडून बिनव्याजी कर्ज घेणे होय. महामार्गावर मात्र वाढणारा अनोळखी असतो. आणि जिथे माणूस अनोळखी झाला तिथेच टिप सुरू होते.

या अनोळखी माणसांत आमचे विद्यार्थी असतात. बीड हा ऊसतोड कामगारांचा जिल्हा. दसरा-दिवाळीनंतर नवरा-बायकोची जोडी, म्हणजे एक 'कोयता', मुकादमाची उचल घेऊन पश्चिम महाराष्ट्राच्या किंवा कर्नाटकच्या कारखान्यांवर जाते. त्यांची मुले मागे राहिली तर महाविद्यालयात येतात आणि संध्याकाळी ढाब्यावर जातात. पुण्याला स्पर्धा परीक्षेसाठी गेलेली मुले खानावळीत वाढतात. ही मुले मर्जीचे अर्थशास्त्र घरातून शिकून आलेली असतात. फडावरच्या आईबापांना टनावर मजुरी मिळते, पण ती आधीच उचललेल्या पैशात वळती होते. हाताशी खेळता पैसा येतो तो वाढे विकून. वाढे म्हणजे उसाचे शेंडे. वैरण म्हणून ते विकण्याची फडावर मुभा असते. मुख्य मजुरी अपुरी, म्हणून वरची मुभा. आणि वरची मुभा आहे, म्हणून मुख्य मजुरी अपुरी ठेवायला हरकत नाही. वाढे आणि टिप यांचे तर्कशास्त्र एकच आहे.

हे तर्कशास्त्र प्राध्यापकांना समजावून सांगण्याची गरज पडू नये. २०१३ साली राज्यातल्या प्राध्यापकांनी परीक्षेच्या कामावर बहिष्कार घातला. त्यांच्या मागण्यांत सहाव्या वेतन आयोगाची थकबाकी होती. ती त्यांनी खुशाली म्हणून नव्हे, हक्क म्हणून मागितली, आणि ते योग्यच होते. त्याच महाविद्यालयांत तासिका तत्त्वावर शिकवणारे आमचे तरुण सहकारी आहेत. तेच पाठ्यपुस्तक, तोच वर्ग, तोच फळा. पण मानधन तासावर, आणि सुट्टीचे पैसे नाहीत. त्यांच्या मिळकतीला 'मानधन' हा किती देखणा शब्द आहे! मान आणि धन हे दोन्ही शब्द जोडून, त्यांना दोन्ही कमी द्यायची सोय भाषेने करून ठेवली आहे. टिपेच्या प्रश्नाला किरकोळ म्हणणाऱ्याने आधी या शब्दाचा विग्रह करून दाखवावा.

आमची रीत

केवळ टीका करून थांबणे बरे नव्हे, म्हणून आम्ही पाळत असलेली रीत येथे नोंदवतो.

जिथे नोकर वाढतो, तिथे आम्ही बिलाचा दहावा हिस्सा देतो, आणि तो दहा रुपयांहून कमी नसतो. तो आमच्या हिशेबात जेवणाच्या किमतीचाच भाग असतो. तेवढे परवडत नसेल तर एक पदार्थ कमी मागवतो. सेवा कशी झाली याचा त्या रकमेशी संबंध ठेवत नाही. आमटी खारट झाली तर ती वाढप्याने केलेली नसते. आणि ज्याला वाढप्याच्या हसण्याला गुण द्यायचेच आहेत, त्याने एक विचार करावा: प्राध्यापकाचा तास कंटाळवाणा झाला म्हणून त्या दिवसाचा पगार कापला जात नाही, घंटा झाल्यावर विद्यार्थी टेबलावर त्या तासाचे मोल ठेवून जात नाहीत. स्वतःसाठी निश्चित वेतन आणि दुसऱ्यासाठी गुणवत्तेनुसार नाणी, हा न्याय कोणत्या समीक्षापद्धतीत बसतो?

पैसे आम्ही रोख देतो आणि हातात देतो. हा आग्रह अलीकडे महत्त्वाचा झाला आहे. पूर्वी सत्त्याऐंशी रुपयांच्या बिलाला शंभराची नोट दिली जाई आणि बडीशेपेच्या वाटीत तेरा रुपये परत येत. २०१६ नंतर फोनवरून पैसे देण्याची सोय आली, आणि आता ती टपरीपर्यंत पोचली. सत्त्याऐंशी म्हणजे बरोबर सत्त्याऐंशी. सुट्ट्यांचा प्रश्नच मिटला. पण भिंतीवर चिकटवलेला तो काळापांढरा चौकोन मालकाचा असतो, वाढप्याचा नसतो. टिपेच्या प्रथेवर कुणी विचार केला नाही, वेतन वाढले नाही, तरी वाटीतला पैसा मात्र आटला. निषेधवाद्यांना जे तत्त्वाने साधले नाही ते यंत्राने साधले, आणि तोटा पुन्हा त्याच माणसाचा झाला.

आम्ही नाव विचारतो आणि नावाने हाक मारतो. आभाराची वाट पाहत नाही. मोरीवर भांडी घासणारा आणि भटारखान्यातला मदतनीस ग्राहकाला दिसत नाहीत. म्हणून जिथे सर्वांची मिळून पेटी असते तिथे पैसे पेटीत टाकतो. आणि गल्ल्यावर बसलेल्या मालकाला, शक्य तितक्या सौम्य आवाजात, महिना काय देता आणि सुट्टी कधी देता, हे विचारतो. बहुधा उत्तर मिळत नाही. पण प्रश्न विचारला गेला हे वाढणाऱ्याने ऐकलेले असते.

यावर निषेधवादी मित्राचा शेवटचा आक्षेप असा येईल की, टिप देत राहिल्याने मालकाला पगार न वाढवण्याचे निमित्त मिळते. आक्षेपात तथ्य आहे. आम्ही टिपेला न्याय म्हणत नाही. न्याय म्हणजे निश्चित वेतन, आठवड्याची सुट्टी, आठ तास, आणि हे सर्व मेन्यूवर छापलेल्या किमतीत धरलेले. तो न्याय आला की वाटी रिकामी गेली तरी कुणाचे काही बिघडणार नाही, आणि त्या दिवशी आम्ही आनंदाने टिप बंद करू. पण तो येईपर्यंत आपण जे स्वस्त जेवण जेवतो, त्याच्या किमतीतला न दिलेला भाग कुणीतरी सोसत असतो. तो भाग परत करणे याला औदार्य म्हणणे जितके चुकीचे, तितकेच तो खिशात घालून त्याला तत्त्व म्हणणे चुकीचे.

तेव्हा साहित्याच्या विद्यार्थ्यांना आणि शिक्षकांना आमचे सांगणे एवढेच आहे. 'टिप' या शब्दाऐवजी मनातल्या मनात 'थकबाकी' हा शब्द वापरून पाहावा. थकबाकी देताना कुणी छाती फुगवत नाही, घेताना कुणी वाकत नाही, आणि ती थकू नये म्हणून काय करावे हा पुढचा प्रश्न आपोआप उभा राहतो. भाषेच्या अभ्यासाचा एवढा उपयोग झाला तरी पुष्कळ झाले.